शोकेसमधला मालकाचा फोटो

जमलेल्या थोरामोठ्यांना, मायमाउल्यांना, आणि पुढं बसलेल्या नंदाक्कांना हात जोडून माझा शरणार्थी.

मंडळी, आधी एक सांगून टाकतो. हे लिहून आणायला मला सोमवारीच सांगितलं होतं. मठाची मंडळी म्हणली, संगा, तू कागदावर लिहूनच आण. तुला नुसतं बोलायला दिलं की तू देगलूरपासून सुरू करतोस आणि धर्माबादच्या मिरचीवर जाऊन थांबतोस. मी हाव म्हणलो. मंगळवारी कागद आणला. बुधवारी त्याच कागदात पानवाल्यानं सुपारी बांधून दिली. मग उद्या लिहू, परवा लिहू. शेवटी आज सकाळी स्टुडिओच्या डार्करूममध्ये जाऊन बसलो. बाहेर कुणी ना कुणी हाक मारतं म्हणून आतून कडी लावली, लाल दिवा लावला, आणि हाताला लागलं ते पेन घेऊन लिहिलं. ते निघालं लाल शाईचं. लाल उजेडात लाल शाई दिसत न्हाई. मी आपला लिहून राहिलो. बाहेर येऊन बघतो तर ओळीवर ओळ चढलेली.

ज्यांच्यासाठी आज जमलो ते अप्पा असते तर म्हणले असते, "एवढी वर्षं डार्करूममध्ये बसून तुला एवढंबी कळलं न्हाई का?"

तर आता जेवढं वाचता येतंय तेवढं वाचतो. बाकीचं तोंडानं सांगतो.

आपले मन्मथप्पा फोटोवाले गेले. मी त्यांच्या स्टुडिओत कामाला होतो. पण इथं मी काही फक्त त्यांचा कामगार म्हणून उभा न्हाई. नंदाक्कांचं, म्हणजे अप्पांच्या बहिणीचं, लग्न ज्या लातूरच्या घरानं मोडलं, ते घर माझं आहे. तुम्हाला सगळ्यांना हे माहीत आहे. माहीत असून तुम्ही मला बोलायला उभं केलंत. तुमच्या जागी मी असतो तर केलं नसतं.

मी शाळा सातवीत सोडली. जिलेबीच्या दुकानात राहिलो, ट्रकवर क्लीनर होतो, मग धर्माबादला मिरचीच्या आडतीवर. तिथं मला शिंका लागायच्या त्या थांबेचनात. एका दिवशी शिंकत शिंकतच देगलूरच्या गाडीत बसलो. बसस्टँडसमोर उतरलो तर हा स्टुडिओ. अप्पा दारात बसलेले.

"काय येतं रे तुला?"

"काही न्हाई."

"लई चांगलं. ज्याला येतं त्याला शिकवायला अवघड जातं."

तुमच्यातल्या कुणाच्या घरात अप्पांनी काढलेला फोटो न्हाई, सांगा बरं? लग्नाचा असेल, बारशाचा असेल, गेलेल्या माणसाचा असेल. एकदा आम्ही इस्लापूरकडं सहस्रकुंडला गेलो होतो, एका नव्या जोडप्याला घेऊन. त्यांना धबधब्यापुढं फोटो पाहिजे होता. दुष्काळाचं वर्ष. जाऊन बघतो तर धबधब्यात टिपूस न्हाई, नुसता काळा कातळ. नवरदेव तोंड पाडून बसला. अप्पा त्याला म्हणले, "तुम्ही भिजल्यासारखं हसा. पाण्याचं मी बघतो." आणि खरंच, घरी येऊन ब्रशनं असं पाणी सोडलं त्या फोटोत की मुलीचा बाप म्हणला, पाऊस झाला वाटतं तिकडं.

हे मुद्दाम सांगतोय, मंडळी. भरकटलो न्हाई. अप्पांचा ब्रश कसा होता हे माहीत असल्याशिवाय पुढचं कळायचं न्हाई. मुलीच्या गालावरचे देवीचे व्रण ते असे पुसून काढायचे की आईनंही बोट फिरवून बघावं.

लातूर जिल्हा झाला आणि माझा थोरला भाऊ वीरभद्र, आमचा वीरूदादा, नव्या कलेक्टर हापिसात कारकून लागला. नोकरीच्या अर्जाला लावायचा फोटो काढायला तो इथं आला होता. नंदाक्का तेव्हा हिशेबाला बसलेल्या. दादाला सांगितलं होतं, मान सरळ ठेवा. त्याची मान काही सरळ होईना. अप्पा कापडाखालून म्हणले, "पाहुणे, कॅमेरा इकडं आहे." एवढंच झालं. पुढं दोन्ही घरची माणसं बसली, सुपारी फुटली. मधला माणूस मी होतो. जन्मात एक काम नीट केलं असं मला वाटलं होतं.

मग अप्पांना थकवा यायला लागला. दोन जिने चढले की बसायचे. डाव्या कुशीत पोट कडक लागायला लागलं. नांदेडच्या डॉक्टरनं रक्त बघितलं, पुन्हा बघितलं, आणि म्हणला, पांढऱ्या पेशी फार वाढल्यात, हा रक्ताचा कॅन्सर वाटतो, पण कोणता ते ठरवायचं तर हैदराबादला जाऊन एक तपासणी करा. मी बरोबर गेलो.

तिथं कमरेच्या हाडात सुई घालून आतला मगज काढला. अप्पांनी माझा हात असा धरला की अंगठीचा वळ उठला. मगज घेऊन माणूस एका दारातून आत गेला. अप्पा लंगडत त्याच्या मागं. दारावरचा शिपाई म्हणला, "अंदर नक्को जाव भाई." अप्पा म्हणले, "मियाँ, आत डार्करूम आहे. मला हायपोचा वास आला, फोटो धुवायच्या औषधाचा. मी फोटोवाला आहे." आतून एक डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. प्रयोगशाळा त्यांचीच. त्यांनी अप्पांकडं बघितलं आणि म्हणल्या, चार-पाच दिवसांनी रिपोर्ट न्यायला याल तेव्हा दाखवते.

आणि त्यांनी दाखवलं. मी सातवीपर्यंत शिकलेला, पण मला कळलं. नीट ऐका, कारण हे मी तेव्हाच लातूरला सांगायला पाहिजे होतं.

आपल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रं असतात. एरवी ती सुताच्या गुंत्यासारखी, दिसत न्हाईत. पेशी एकाची दोन व्हायला लागली की तेवढ्या वेळापुरती ती आखडून जाड होतात, तेव्हाच दिसतात. म्हणून बाई काय करतात, मगजातल्या जिवंत पेशी अंगाएवढ्या उबेत बाटलीत ठेवतात. त्या वाढायला लागतात. मग एक औषध घालून ऐन दुभंगायच्या क्षणी त्यांना थांबवतात. मग पातळ क्षाराचं पाणी, त्यानं पेशी फुगतात. मग त्याचा थेंब वरून काचेवर टाकायचा. थेंब पसरला की आतली गुणसूत्रं मोकळी पसरतात. रंग द्यायचा, पट्टे उमटतात. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा लावून फोटो काढायचा. आणि मग, मंडळी, कात्री घ्यायची. फोटोतलं एकेक गुणसूत्र कातरून काढायचं आणि जोड्या लावून पुठ्ठ्यावर चिकटवायचं. मोठी जोडी आधी, मग तिच्याहून लहान, मग त्याहून लहान.

अप्पा बघतच राहिले. म्हणले, "अम्मा, म्हणजे तुम्ही बी ग्रुप फोटोच काढता. उंचीनं उभं करता."

बाई हसल्या. म्हणल्या, "हो. फक्त माझी मंडळी हलत नाहीत."

मग त्यांनी बोट ठेवलं. बाविसाव्या जोडीतलं एक आखूड. त्याचा तुकडा तुटून नवव्या जोडीतल्या एकाला चिकटलेला, नवव्याचा थोडा ह्याच्याकडं आलेला. ह्यावरून ठरलं, कॅन्सर कोणता. बाईंनी पुढं जे सांगितलं ते मला शब्दाला शब्द आठवतं, कारण बहिणीचं लग्न ठरलंय असं सांगून अप्पांनी ते दोनदा विचारलं. बाई म्हणल्या, "हे जन्मापासूनचं नाही. आईबापाकडून आलेलं नाही. रक्त तयार करणाऱ्या पेशींत हे नंतर झालं. तुमच्या बहिणीचा ह्याच्याशी काही संबंध नाही."

अप्पांनी पहिल्यांदा विचारलं ते स्वतःसाठी. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझ्याकडं बघून विचारलं. ऐकलंस ना, असं. मी मान हलवली.

निघताना अप्पा त्यांच्या डार्करूमच्या दारात थांबले. तिथं नळाखाली फोटो धुवायला ठेवलेले, पाणी वाहत होतं. किती तरी वेळ बघत राहिले. आपल्याकडं त्या वर्षी प्यायला टँकर. आम्ही फोटो एका बादलीत धुवायचो आणि तेच पाणी पुन्हा. त्या वर्षीची देगलूरची सगळी लग्नं पिवळी पडली, तुम्ही घरी जाऊन बघा. अप्पा म्हणले, "संगा, हे फोटो शंभर वर्षं जातील." मग बाईंना म्हणले, "माझ्याची एक प्रत मला द्या."

ती प्रत त्यांनी स्टुडिओच्या शोकेसमध्ये लावली.

आता दुसरा कुणी असता तर रिपोर्ट ट्रंकेत घातला असता. अप्पांनी नवरीच्या आणि बाळाच्या फोटोच्या मधोमध लावला. आणि खाली पुठ्ठ्यावर स्वतःच्या हातानं लिहिलं, "मालक". मी म्हणलो, अप्पा, हे काय? म्हणले, "सगळ्या गावाचे लावले. माझा एकबी न्हाई लावला. आणि हा लई स्वच्छ धुतलाय."

लोक काचेला नाक लावून बघायचे. एक शेतकरी म्हणला, "अप्पा, ह्या तुरीतल्या अळ्या का?" अप्पा म्हणले, "हाव, माझ्यातल्या." कुणी विचारलं तर ते सांगायचे, कात्री कशी, थेंब कसा, आखूड कोणतं. ऐकणारा पुढच्या चौकापर्यंत जाईस्तोवर अर्धं विसरायचा. उरायचं ते एवढंच, मन्मथप्पाच्या घराण्याच्या फोटोत वाकडं निघालं.

चौकातून ते लातूरला पोचलं. आमचे काका आले. तुमच्यातल्या काहींनी त्यांना बघितलंय, जरीचा रुमाल बांधतात. काकांनी आधी शोकेससमोर उभं राहून फोटो बघितला. मग आत आले, चहा घेतला. माणूस वाईट न्हाई, मंडळी. अप्पांच्या औषधाला काय लागलं तर सांगा, असं खरंच म्हणले. मग म्हणले,

"हे बघा मन्मथप्पा. वीरू आता कलेक्टर हापिसात आहे. नवा जिल्हा, नवी माणसं, कोण कुठलं विचारणारे शंभर. आमच्या घरी चार थोर माणसं अडून बसलीत. मला काही वाटत न्हाई. पण त्यांना काही तरी दाखवावं लागेल."

"काय दाखवू?"

"तुमच्या हातात ब्रश आहे की. तेवढं आखूड जरा लांब करा. दुसऱ्याएवढं. मी नेऊन दाखवतो, म्हणतो गावाला नीट दिसलं न्हाई. वैशाखात लग्न लावून टाकू."

मंडळी, त्या वेळी मी कोपऱ्यात निगेटिव्ह सुकवत होतो. आणि मला हे बोलणं लई बरं वाटलं. खरं सांगतो. मला वाटलं, सुटलं. अप्पांना काय अवघड आहे, ज्यांनी कातळावर धबधबा सोडला.

अप्पांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणले, "अण्णा, मी पोरीच्या गालावरचे व्रण काढतो. का काढतो? ती पोर सगळ्या गावानं बघितलेली असते. फोटोमुळं कुणी फसत न्हाई, फक्त तिला बरं वाटतं. हे कुणी बघितलेलं न्हाई. हे फक्त फोटोतच दिसतं. इथं खोडलं तर मग कुठंच राहिलं न्हाई."

काका म्हणले, "बहिणीच्या लग्नापेक्षा फोटो मोठा का?"

अप्पा म्हणले, "फोटो तसाच ठेवून लग्न लावा. मग मी म्हणतो तुम्ही मोठे." आणि माझ्याकडं वळले. "संगा तिथं होता. बाई काय म्हणल्या ते त्यानं ऐकलंय. विचारा त्याला."

काकांनी मला विचारलं. "काय रे? काय म्हणली डॉक्टरीण?"

मी म्हणलो, "मला काय कळतंय, काका."

एवढंच म्हणलो. हातात ओला निगेटिव्ह होता, तो पुन्हा पाण्यात बुडवला.

मला कळत होतं. सगळं कळत होतं. आत्ता तुम्हाला सांगितलं न्हाई का, थेंब न् थेंब? पण काकांपुढं मी घरचा वाया गेलेला पोरगा. जिलेबीच्या दुकानातून पळालेला. मी बोललो असतो तर काका म्हणले असते, तू शिकवतोस का आम्हाला? आणि तसं म्हणू नये म्हणून मी आधीच म्हणून टाकलं. कमी शिकलेल्या माणसाला ही एक सोय असते, मंडळी. पाहिजे तेव्हा त्याला काही कळत न्हाई.

अप्पांनी काकांना दारापर्यंत पोचवलं. संध्याकाळी दुकान बंद करताना रोजच्यासारखं म्हणले, "कुलूप ओढून बघ."

पुढचा निरोप लातूरहून आला तो असा, की मुलीचाही असा फोटो काढून आणा, तो नीट निघाला तर बघू. हा निरोप घेऊन येणाराही मीच. अप्पांचं तोंड उतरलं. पण नंदाक्का म्हणल्या, "जाऊन येऊ." गेल्या. हैदराबादच्या बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या, ह्याची काही गरज नाही म्हणल्या, पण दंडातून रक्त घेतलं. काही दिवसांनी फोटो आला.

हे तुमच्यातल्या कुणालाच माहीत न्हाई. आज सकाळी मी नंदाक्कांना विचारलं, सांगू का? त्या म्हणल्या, "तुझं तू बघ." म्हणून सांगतोय. फोटो स्वच्छ निघाला. सगळ्या जोड्या सारख्या.

अप्पा लहान मुलासारखे खूश झाले. "संगा, पहिल्या गाडीनं लातूर गाठ." मी चप्पल घातली. नंदाक्कांनी फोटो अप्पांच्या हातातून काढून घेतला.

"दाखवायचा न्हाई."

"अगं, नीट निघालाय."

"म्हणूनच न्हाई. आज माझा दाखवला की उद्या दुसऱ्या पोरीला मागतील. आतापर्यंत चालून दाखव म्हणत होते, वाचून दाखव म्हणत होते. आता रक्त दाखव म्हणतील. आणि तुझ्या फोटोतलं वाकडं, ते मग वाकडंच ठरलं की. माझा नीट म्हणून मी चांगली, तर तू कोण?"

अप्पा स्टुलावर टेकले. मग म्हणले, "मग तू गेलीस कशाला हैदराबादला?"

"तुला झोप यावी म्हणून."

अप्पांनी विचारलं, "माझा काढू का मग शोकेसमधून?" त्या म्हणल्या, "राहू दे. तुझा तू लावलास."

मी चप्पल काढली. पाडव्याला लातूरला गेलो तेव्हा काकांनी विचारलं, पोरीचा फोटो आला का. फोटो दाखवायचा न्हाई, हे बरोबर. ते नंदाक्कांचं म्हणणं होतं. पण नंदाक्का का दाखवत न्हाईत, हे मी सांगू शकलो असतो. बाई काय म्हणल्या, हे सांगू शकलो असतो. भरल्या ताटावर, घरातली सगळी बसलेली. वीरूदादा समोर. मी म्हणलो, "मला काय कळतंय." दादानं खाली बघितलं. आई म्हणली, वाढू का अजून? मी म्हणलो, वाढ. जेवलो मी, मंडळी. पोटभर जेवलो.

लग्न मोडलं. त्यानंतरचं तुम्ही बघितलंय. अप्पा गोळ्या खात होते, काम करत होते. पुढं गोळ्या लागू पडेनात. शेवटी शेवटी त्यांच्या हातात जोर राहिला न्हाई. ब्रश धरवायचा न्हाई. एक लग्नाचा फोटो त्यांनी माझ्यापुढं सरकवला, नवरीच्या हनुवटीवर व्रण होता. मी काढला. त्यांनी भिंगातून बघितलं, म्हणले, "जास्त काढलास. तिची आई ओळखणार न्हाई." मी थोडा परत घातला. तेव्हा म्हणले, "संगा, एक राहिलं. तुझ्या दादाला कुणी विचारलंच न्हाई. काका बोलले, थोर माणसं बोलली, नंदी बोलली, मी बोललो. त्याला काय वाटतं ते एकदा विचार."

मी हाव म्हणलो.

मंडळी, मी विचारलं न्हाई. आज विचारू, उद्या विचारू. अप्पा गेल्यावर लातूरला कळवायचं होतं, तेही कळवलं न्हाई. कोणत्या तोंडानं? आपल्यात माणसाला बसवून माती देतात. मी खड्ड्याजवळ उभा होतो, मूठभर माती माझ्याही हातात होती. ती टाकताना मी अप्पांची माफी मागणार होतो. तेवढ्यात मागून कुणी तरी म्हणलं, सरक पुढं. मी टाकली आणि सरकलो.

म्हणून आज सगळ्यांपुढं बोललो. अप्पांना जे झालं ते त्यांच्या घराण्यात नव्हतं. ते त्यांच्या रक्तात नंतर झालेलं होतं, आणि ते तपासायची एक रीत आहे, थेंबाची, कात्रीची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. खोटं आमच्या लातूरच्या घरात होतं. काकांना मी हे जाऊन सांगणार आहे. त्यांना काय म्हणायचं ते म्हणोत. आणि ह्यानंतर कुणी मला विचारलं तर मी मला काय कळतंय असं म्हणणार न्हाई. एवढीच माझी श्रद्धांजली. नंदाक्का, तुमची माफी मी मागत न्हाई. मागितली की तुम्हाला काही तरी उत्तर द्यावं लागतं, आणि ते ओझं मला तुमच्यावर टाकायचं न्हाई.

आता सगळ्यांनी उभं राहू या. दोन मिनिटं कुणी बोलू नका. अप्पा फोटो काढताना म्हणायचे तसं, श्वास घ्या आणि थांबा.

काय? कोण? मागं काय चाललंय?

मंडळी, एक क्षण. उभेच राहा, पण जरा वाट द्या मधून. दाराजवळची माणसं सांगून राहिलीत, लातूरच्या गाडीनं कुणी तरी आलंय. मला इथून दिसतोय तो. माझा वीरूदादा आहे. एकटाच आहे, बरोबर काका न्हाईत, कुणी न्हाई. उंबऱ्याबाहेर थांबलाय.

मी त्याला बोलावलेलं न्हाई. कुणाकडून कळलं, काय बोलायला आलाय, मला ठाऊक न्हाई.

नंदाक्का, त्याला आत घ्यायचं का न्हाई, ते आमच्यातलं कुणी ठरवणार न्हाई. तुम्ही सांगा. आम्ही उभे आहोत.